रोगशेष

ऋण, अग्नि आणि व्याधि यांचा शेष राहूं देऊं नये, थोडासा जरी उरला तरी तो पुनः पुनः वाढतो, असें आपल्याकडील जुने नीतिकार सांगून गेले आहेत. ऋणाचा शेष वहींत दिसतो. अग्नीचा शेष राखेवर हात धरला म्हणजे कळतो. परंतु व्याधीचा शेष कोठें असतो, कोणत्या रूपानें असतो, आणि तो उरला आहे हें ओळखावें कसें, या प्रश्नाचें उत्तर नीतिकारांनीं दिलेलें नाहीं, आणि तें देणें हें त्यांचें कामहि नव्हतें. वैद्यकाच्या इतिहासांत या उत्तराचा जो दीर्घ शोध झाला, त्याचें एक प्रकरण प्रस्तुत लेखांत वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. तें प्रकरण म्हणजे स्त्रियांच्या अंडाशयाचा कर्करोग, आणि विशेषतः त्याचें परत परत येणें.

हेंच प्रकरण निवडण्यास कारण आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणें त्या एका वर्षांत सुमारें ३ लक्ष २४ हजार स्त्रियांना हा रोग नव्यानें जडला आणि सुमारें २ लक्ष ७ हजार स्त्रिया त्यानें दगावल्या. आपल्या देशांतील नव्या रोगिणींची संख्या त्यांत सुमारें ४७ हजार होती. पोटाच्या पोकळींत खोल असलेल्या इंद्रियाचा हा रोग बहुधा पसरल्यावरच ध्यानांत येतो. पोट फुगल्यासारखें वाटणें, थोड्याच घांसांत पोट भरणें, हीं त्याचीं लक्षणें इतकीं सामान्य आहेत कीं, गृहिणी तिकडे महिनोन् महिने लक्षच देत नाहींत. इतकें असूनहि नवलाची गोष्ट अशी कीं, पसरलेल्या अवस्थेंतसुद्धां पहिल्या उपचारानें बहुतेकींना चांगला गुण येतो. गांठी विरतात, पोटांतील पाणी आटतें, बाई घरीं येऊन कामाला लागते. आणि मग दर दहांपैकीं सात-आठ जणींच्या बाबतींत, कोणाच्या सहा महिन्यांनीं तर कोणाच्या तीन वर्षांनीं, रोग परत येतो. बरें वाटणें आणि बरें होणें यांमध्यें जें हें अंतर आहे, तें ओलांडण्याची खटपट म्हणजेच या रोगाचा इतिहास होय.

या इतिहासाचा आरंभ शस्त्रानें होतो. १८०९ सालच्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत डॅनव्हिल या गांवीं एफ्राइम मॅकडॉवेल या शस्त्रवैद्यानें जेन टॉड क्रॉफर्ड नांवाच्या बाईचें पोट उघडून अंडाशयाची प्रचंड गांठ काढली. बाई साठ मैल घोड्यावरून आली होती. गुंगीचें औषध तेव्हां ठाऊक नव्हतें. ईथरचा जाहीर प्रयोग व्हावयास अद्याप सदतीस वर्षें अवकाश होता. पंचवीस मिनिटांत काम आटोपलें. गांठीचें वजन आंतील द्रवासह सुमारें साडेबावीस पौंड भरलें. बाई बरी होऊन परतली आणि पुढें बत्तीस वर्षें जगली. मॅकडॉवेलच्या धैर्याची वाखाणणी सर्व ग्रंथांत आढळते. बाईचें धैर्य त्याहून तसूभरहि कमी नव्हतें. परंतु बाई इतकीं वर्षें जगली यावरूनच ती गांठ कर्करोगाची नव्हती असें मानावें लागतें. साधी गांठ एके जागीं वाढते व मुळासकट निघते. कर्करोगाच्या पेशी पोटाच्या आवरणावर, आंतड्यांवर, यकृताच्या पृष्ठभागावर बियांसारख्या विखुरतात, आणि त्या सगळ्या वेंचून काढणें कोणत्याहि हाताला साधत नाहीं.

तरीहि वेंचावें तितकें वेंचावें, हा विचार पुढें आला. बोस्टनच्या जो व्हिन्सेंट मीग्ज यानें १९३४ सालीं असें प्रतिपादिलें कीं, सगळा रोग काढतां येत नसला तरी जितका काढतां येईल तितका काढावा. त्यास पुरावा मिळावयास चार दशकें लागलीं. १९७५ सालीं बोस्टनच्याच ग्रिफिथ्स यानें आपल्या रोगिणींचे वृत्तांत तपासून दाखविलें कीं, शस्त्रक्रियेनंतर पोटांत उरलेला सर्वांत मोठा तुकडा सुमारें दीड सेंटिमीटरपेक्षां लहान असेल, तर आयुष्य वाढतें; तो जितका लहान तितकें तें अधिक वाढतें; मोठा असेल, तर बाकीचें किती काढलें याला फारसें महत्त्व राहत नाहीं. व्याधीचा शेष येथें प्रथमच मोजपट्टीवर आला. डोळ्यांना कांहींच दिसूं नये इतकें काढावें, हें पुढें शस्त्रवैद्यांचें ध्येय झालें. पण डोळ्यांना कांहीं न दिसतांहि रोग परत येई. म्हणजे मोजपट्टी जेथें संपते त्याच्या पलीकडेहि शेष होताच.

तो शेष औषधाच्या स्वाधीन झाला. यांतील सर्वांत मोठें औषध अगदीं आडवाटेनें हातीं आलें. मिशिगन स्टेट विद्यापीठांत बार्नेट रोझेनबर्ग विद्युत्प्रवाहाचा जंतूंवर काय परिणाम होतो तें पाहत होता. जंतु वाढत होते पण दुभंगत नव्हते. त्यांचे लांबच लांब तंतु होत, कांहीं तर नेहमीच्या तीनशेंपट. शोध घेतां कळलें कीं, हा प्रताप विजेचा नव्हे. वीज सोडण्यासाठीं जे प्लॅटिनमचे तुकडे द्रावणांत बुडविले होते, त्यांतून बनणाऱ्या संयुगांचा तो आहे. १९६५ सालीं ही हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांतील मुख्य संयुग इटलीच्या मिकेले पेरोने यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच बनविलेलें होतें. शतकाहून अधिक काळ तें रसायनशास्त्राच्या ग्रंथांत निजून राहिलें. हेंच सिस्प्लॅटिन. १९७८ सालच्या डिसेंबरांत अमेरिकन सरकारनें त्यास मान्यता दिली. पेशीच्या डीएनएच्या धाग्यांत तें गांठी मारतें; धागा उलगडेना म्हणजे पेशी मरते.

दुसरें औषध वृक्षाच्या सालींतून आलें, आणि त्याच्या शोधांत खानदेशच्या एका सुपुत्राचा वांटा आहे हें आपल्या वाचकांस सांगावयास आनंद वाटतो. नंदुरबार येथें १९२५ सालीं जन्मलेले व मुंबई विद्यापीठांत शिकलेले मनसुख वाणी यांनीं नॉर्थ कॅरोलायना येथें मन्रो वॉल यांच्यासह पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालींतून पॅक्लिटॅक्सेल हा पदार्थ वेगळा काढून त्याची रचना १९७१ सालीं प्रसिद्ध केली. त्याची क्रिया कशी चालते तें न्यूयॉर्कच्या सुसान हॉर्विट्झ यांनीं १९७९ सालीं उकललें, आणि १९९२ सालीं प्रथम अंडाशयाच्या कर्करोगासाठींच त्यास मान्यता मिळाली. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चांचणींत पसरलेल्या रोगाच्या स्त्रियांचें मध्यम आयुष्य जुन्या औषधजोडीनें २४ महिने भरलें, तर सिस्प्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल यांच्या जोडीनें ३८ महिने. चौदा महिने हा आंकडा लहान वाटेल. पण ज्या घरांत तो मिळाला, त्या घरांत त्याचा हिशेब निराळ्याच मापानें झाला असेल.

इतकें होऊनहि पुनरागमन थांबलें नाहीं. तेव्हां विचार असा निघाला कीं, रोग परततोच तर त्याला वाटेंतच गांठावें. बोस्टनच्या रॉबर्ट बास्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८१ सालीं एक प्रतिद्रव्य तयार केलें. त्याच्या साह्यानें रक्तांतील सीए-१२५ नांवाचें द्रव्य मोजतां येऊं लागलें. रोग परतूं लागला म्हणजे हा आंकडा लक्षणांच्या कित्येक महिने आधीं चढतो. मग काय! दर तीन महिन्यांनीं रक्त तपासावें, आंकडा चढतांच औषध सुरू करावें. यांत शंका घेण्यासारखें काय आहे, असेंच सर्वांना वाटलें. परंतु ब्रिटनच्या पुढाकारानें एक मोठी चांचणी झाली, आणि तिचा निकाल २०१० सालीं बाहेर आला. आंकडा चढलेल्या ५२९ स्त्रियांपैकीं निम्म्यांना लागलीच औषध दिलें. निम्म्यांना आंकडा कळूं न देतां लक्षणें दिसेपर्यंत थांबविलें. पहिल्या गटाचें औषध सुमारें पांच महिने आधीं सुरू झालें. आयुष्य मात्र जवळजवळ सारखेंच निघालें: पहिल्या गटाचें मध्यम आयुष्य २५.७ महिने, दुसऱ्याचें २७.१. आधीं कळल्यानें मिळालें तें इतकेंच कीं, औषधाचा त्रास पांच महिने आधीं सुरू झाला.

या निकालाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. शेष लवकर सांपडला, तो लहान असतां सांपडला, तरी त्या वेळच्या औषधांनीं कांहीं साधलें नाहीं. याचा अर्थ असा कीं, शेष किती उरला एवढेंच विचारून भागणार नव्हतें. जो उरला तो कोण आहे, हें विचारणें भाग होतें. पहिल्या उपचारांतून जगून निघालेल्या पेशी मूळच्या पेशींसारख्या नव्हत्या. त्यांनीं कांहींतरी शिकून घेतलें होतें. हें शिकणें पेशी कोठें लिहून ठेवते, याचें उत्तर मात्र शस्त्रगृहांत किंवा औषधशाळेंत सांपडलें नाहीं. तें गर्भविज्ञानाच्या एका जुन्या कोड्याकडून आलें, आणि त्यासाठीं आपणांस थोडें मागें जावें लागेल.

कॉनराड वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाचें शैशव दक्षिण भारतांत, वडिलांच्या चहाच्या मळ्याजवळ गेलें. पुढें गर्भाच्या वाढीचा अभ्यास करतांना त्याला हें कोडें पडलें: शरीरांतील सर्व पेशींजवळ जनुकांची एकच शिदोरी असते; मग एक पेशी यकृताची, दुसरी कातडीची, असें कां होतें, आणि यकृताची पेशी पुढें यकृताचीच कां राहते? या विषयाला १९४२ सालीं त्यानें एपिजेनेटिक्स हें नांव दिलें. मराठींत अधिजनुकशास्त्र म्हणतां येईल. जनुकांच्या वर, जनुकांखेरीज, जें कांहीं चालतें त्याचें तें शास्त्र.

वॉडिंग्टनजवळ प्रश्न होता, यंत्रणा नव्हती. ती १९७५ सालीं दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें सुचविली गेली. अमेरिकेंत आर्थर रिग्ज यानें आणि लंडनमध्यें रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू यांनीं. त्यांचें म्हणणें असें कीं, डीएनएच्या अक्षरांपैकीं एकावर मेथिल नांवाचा लहानसा रासायनिक अणुगट चिकटतो, आणि जनुकाच्या आरंभीं असे गट दाटले म्हणजे तें जनुक मुकें होतें. आपल्याकडील हस्तलिखित पोथ्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस हें चटकन् कळेल. लेखक नको असलेल्या अक्षरांवर हरताळ फांशीत. अक्षर खालीं शाबूत असे, पण वाचणारा तें गाळून पुढें जाई. मेथिलचा गट हा पेशीच्या पोथीवरील हरताळ होय. पेशी दुभंगतांना पोथीची नक्कल होते, तेव्हां हरताळाचीहि नक्कल होते. म्हणून एकदां मुकें झालेलें जनुक पिढ्यान् पिढ्या मुकेंच राहूं शकतें. परंतु अक्षरांत बदल झाला तर तो बहुधा कायमचा. हरताळ मात्र पुसतां येतो.

तो पुसणारें द्रव्य योगायोगानें आधींच तयार होतें. १९६४ सालीं प्राग येथें पिस्काला व शोर्म यांनीं अझासायटिडिन हें संयुग कर्करोगावरील विष म्हणून बनविलें होतें. १९८० सालीं लॉस एंजेलिसमध्यें पीटर जोन्स व शर्ली टेलर यांनीं दाखविलें कीं, हें द्रव्य अल्प प्रमाणांत दिलें म्हणजे उंदराच्या एका जातीच्या पेशींतून स्नायूंच्या, चरबीच्या पेशी निपजूं लागतात; कारण त्यानें मेथिलचे गट उतरतात व मुकीं जनुकें बोलूं लागतात. १९८३ सालीं बाल्टिमोरच्या फाइनबर्ग व फोगेलस्टाइन यांनीं कर्करोगाच्या गांठींत मेथिलची मांडणी बिघडलेली असते हें दाखविलें, आणि पुढील दशकांत असेंहि दिसलें कीं, पेशीला आवर घालणाऱ्या जनुकांवरच कर्करोग पुष्कळदां हरताळ फांसतो.

आतां हे दोन प्रवाह एकत्र आले. एमएलएच-१ नांवाचें एक जनुक डीएनएंतील चुका ओळखतें, आणि प्लॅटिनमनें केलेली इजा पाहून पेशीला मरणाची सूचना देण्यांत त्याचा हात असतो. तें मुकें झालें तर इजा होते, पण वर्दी पोंचत नाहीं, आणि पेशी जगते. ग्लासगो येथें रॉबर्ट ब्राउन यांच्या गटानें २००० सालीं दाखविलें कीं, डेसिटाबिन या पुसणाऱ्या औषधानें उंदरांतील अंडाशयाच्या गांठी प्लॅटिनमला पुन्हा वश होतात. २००४ सालीं त्यांनींच १३८ रोगिणींचें उपचारापूर्वींचें व रोग परतल्यावरचें रक्त ताडून पाहिलें. ३४ जणींच्या रक्तांत या जनुकावरचा हरताळ आधीं नव्हता, तो रोग परतल्यावर दिसला. पेशीचें शिकणें येथें लिहिलेलें सांपडलें.

या वेळीं आशा किती वाढली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. हरताळ पुसावा, पेशीला विसर पाडावा, आणि जुनेंच औषध पुन्हा चालवावें! अझासायटिडिन जातीच्या औषधांना रक्ताच्या कांहीं रोगांसाठीं २००४ पासून मान्यता मिळालेली होतीच. २०१२ सालीं इंडियाना येथें प्लॅटिनमला न जुमानणाऱ्या रोगाच्या १७ स्त्रियांना आधीं डेसिटाबिन व मग सिस्प्लॅटिनचें भावंड कार्बोप्लॅटिन देण्यांत आलें. सहा जणींच्या गांठी लहान झाल्या, आणि अशा रोगांत तें थोडें नव्हे. परंतु ब्रिटनमध्यें दोन गटांची तुलना करून चांचणी झाली, तिचा निकाल २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. तींत केवळ कार्बोप्लॅटिन घेणाऱ्यांनाच अधिक गुण आला आणि चांचणी मध्यें थांबवावी लागली. औषधाची मात्रा व रोगिणींची निवड दोन्ही ठिकाणीं सारखी नव्हती हें खरें. २०२० सालीं याच जातीच्या नव्या औषधाचा निकाल आला. सहा महिने रोग रोखून धरण्यांत कांहींसा लाभ दिसला, पण चांचणीची जी मुख्य कसोटी ठरविली होती तिला तें उतरलें नाहीं.

असें कां व्हावें? याचें एक उत्तर दुसऱ्या जनुकाच्या इतिहासांत मिळतें. मेरी-क्लेअर किंग यांनीं १९९० सालीं ज्याचा ठाव लावला आणि १९९४ सालीं जें हातीं आलें, तें बीआरसीए-१ हें जनुक तुटलेला डीएनए सांधतें. तें बिघडलें म्हणजे कर्करोग होण्याचा धोका वाढतो. पण त्याच बिघाडामुळें गांठ दुबळीहि होते, कारण प्लॅटिनमची इजा तिला भरून काढतां येत नाहीं. २००५ सालीं शेफील्ड व लंडन येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, अशा पेशींची दुरुस्तीची दुसरी वाटहि बंद केली तर त्या मरतात. त्यांतून ओलापॅरिबसारखीं औषधें निघालीं. या जनुकांच्या बिघाडाचा रोग असलेल्या ३९१ स्त्रियांच्या चांचणींत पहिल्या उपचारानंतर हें औषध दिलें. सात वर्षांनीं शंभरांपैकीं ६७ जणी हयात होत्या, औषधाविना सुमारें ४७. पुनरागमनाच्या इतिहासांत इतका मोठा फरक क्वचितच दिसला आहे.

आतां मौज पाहा. २०११ सालच्या अमेरिकन पाहणींत ४८९ गांठी तपासल्या, तेव्हां सुमारें शेंकडा ११ गांठींत बीआरसीए-१ चीं अक्षरें बरोबर असून केवळ हरताळानें तें मुकें झालेलें आढळलें. या गांठी प्लॅटिनमला वश असूं शकतात. २०१५ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं ९२ रोगिणींच्या गांठींची संपूर्ण पोथी वाचली. त्यांत एका रोगिणीच्या परतलेल्या गांठींत हा हरताळ उतरलेला होता. जनुक बोलूं लागलें, पेशी पुन्हा डीएनए सांधूं लागली, आणि औषध हरलें. २०१८ सालीं याच देशांतील संशोधनानें असें दाखविलें कीं, जनुकाच्या सर्व प्रतींवर हरताळ असेल तर ओलापॅरिबच्या जातीचें औषध चालतें; एक प्रत जरी मोकळी राहिली तरी तें निकामी होतें. म्हणजे एका जनुकावर हरताळ चढला म्हणून रोग परततो, आणि दुसऱ्यावरचा उतरला म्हणूनहि परततो. ज्या औषधाला अक्षर पाहून पुसतां येत नाहीं, जें सरसकट पुसतें, तें शत्रूची एक ढाल काढून घेतांना दुसरी त्याच्या हातीं देऊं शकेल, हें आतां उमगलें.

पेशीच्या स्मृतीचा आणखी एक पैलू आपल्या पुण्यांत उजेडांत आला. तेथील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रांत शर्मिला बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका रोगिणीच्या पोटांतील पाण्यांतून पेशींचे अनेक वंश वेगळे वाढविले. ते सगळे सारखे नव्हते. त्यांपैकीं मोजक्याच वंशांत नवी गांठ उभी करण्याचें सामर्थ्य होतें. मूळपेशींसारखे गुण दाखविणाऱ्या या पेशींचें वर्णन त्यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलें. मूठभर राखेंत एखादाच निखारा असावा तसा हा प्रकार आहे. वॉडिंग्टनचें कोडें येथें पुन्हा भेटतें. पोथी एकच असतां कांहीं पेशी साध्या राहतात व कांहीं बीज होतात, त्यांतील भेद पुष्कळसा वाचनाचा आहे.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष काय? दोनशें वर्षांत शेषाची कल्पना तीनदां बदलली. आधीं तो हाताला लागणारा तुकडा होता. मग रक्तांतील आंकडा झाला. आतां तो पेशीची स्मृति आहे असें कळतें. प्रत्येक वेळीं जुनी कल्पना खोटी ठरली नाहीं, अपुरी ठरली. शस्त्रवैद्य आजहि तितक्याच कसोशीनें तुकडे वेंचतो आणि त्यानें आयुष्य वाढतें. स्मृति पुसण्याची विद्या मात्र अद्याप बाल्यांत आहे, आणि पुसण्यापूर्वीं वाचणें आवश्यक आहे एवढा धडा तिनें घेतला आहे. कोणत्या रोगिणीच्या गांठींत कोणतें जनुक मुकें आहे हें आधीं पाहून मग औषध निवडावें, या दिशेनें पावलें पडत आहेत.

एक गोष्ट आमच्या सुशिक्षित कुटुंबांना उद्देशून सांगितली पाहिजे. रोग परतला म्हणजे घरांत कुजबुज सुरू होते: पथ्य मोडलें असेल, औषधाची वेळ चुकली असेल, फार काळजी केली असेल, देवाचें कांहीं राहिलें असेल. बाई स्वतःहि तेंच मनाशीं घोळवीत असते. वर सांगितलेल्या इतिहासांत यांपैकीं एकाहि गोष्टीचें नांव आलेलें नाहीं. ज्या पेशी परतल्या, त्या पहिल्या उपचारांतून जगून, आपल्या पोथींत फेरफार करून परतल्या; तो व्यवहार रोगिणीच्या इच्छेच्या व आचाराच्या पलीकडला आहे. व्याधीचा शेष राहूं देऊं नये हें वचन वैद्यकशास्त्राला आव्हान म्हणून योग्यच आहे. तें रोगिणीवर ठपका म्हणून वापरण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.